आबांनी हात वर केला की

एका गावात एक भोळा वाजपी होता. गावाचं नाव पिंपळदरा, वाजप्याचं नाव हरबा. अंगानं असा दांडगा, की ढोल गळ्यात घातला तर ढोलच लहान दिसायचा. हाताला ताल होता. मनात कपट नव्हतं. आणि एकदा सांगितलेली गोष्ट तो जन्मात विसरायचा नाही. तुम्ही म्हणाल, चांगलंच आहे की. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

त्या गावात रामजी आबा गुरव पोरांना वाजवायला शिकवत. ढोल, हलगी, पखवाज, झांज. देवळाच्या ओवरीत रोज सकाळी बारा पोरं-पोरी जमायची आणि ऊन चढेपर्यंत गावाचे कान किटवायची. हरबा आठ वर्षांचा असताना तिथं आला तो तिथंच राहिला. आता तिशी उलटली. ढोलाच्या दोऱ्या ओढायच्या, ओवरी झाडायची, आबांच्या मागं उभं राहून वाजवायचं. आबा म्हणाले उचल, की उचलायचं. ठेव म्हणाले, की ठेवायचं. आपल्या मनानं त्यानं काही केल्याचं कुणालाच आठवत नाही. शेवटचं जे सांगितलं तेच खरं, असा त्याचा सरळ कारभार.

पिंपळदऱ्याला मोठेपणा म्हणून एकच होता. चैत्रात टेकावरच्या टेकाईची जत्रा भरे, तेव्हा पालखीपुढं वाजवायचा मान पिंपळदऱ्याच्या पोरांचा. रीत अशी, की ढोल-हलग्यांचं वाजप पुढं आणि पालखी मागं. वाजप जिकडं वळेल तिकडं पालखीनं वळायचं. पालखी गावातल्या मारुतीपासून निघायची ती टेकावर देवीच्या पायरीशी पोचायची, आणि या सगळ्या वाटेत वाजप तुटायचं नाही. एका ठोक्यापुरतं जरी तुटलं, तरी मान गेला शेजारच्या धामणीला. धामणीचे पाटील दर वर्षी पालखीच्या बाजूनं चालायचे, ते देवीसाठी नव्हे, वाजप कुठं तुटतंय ते ऐकायला. चाळीस वर्षं आबांनी त्यांना ते ऐकू दिलं नव्हतं.

आणि जत्रेला सात दिवस उरले असताना आबा गोठ्यात शेणावरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि दोन महिने खाट सोडायची नाही असं बजावलं.

आबांनी हरबाला बोलावलं.

"हरबा, आता पोरं तुझ्या हाती. मान राखायचा तो तूच."

हरबा मागं सरला. "आबा, मला शिकवता येत नाही."

"येतं. रोज सकाळी शिकवायचं, दिवेलागणीला मला येऊन सांगायचं, मी चूक सुधारीन. आता पहिली गोष्ट ध्यानात ठेव. आधी तयारी, मग वाजवणं. पखवाजाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक लावल्याशिवाय आवाज निघत नाही. कळलं?"

"कळलं, आबा. ध्यानात ठेवतो," हरबा म्हणाला.

आणि त्यानं ठेवलं.

शिकवायच्या पहिल्या दिवशी पोरं बोल म्हणायला बसली. धिन धिन ता, धिन धिन ता. अकरा पोरं कोकलत होती आणि पारी नावाची चिमुरडी नुसते ओठ हलवत होती. पोर मुळातच लाजाळू. हरबानं कान लावून पाहिलं. आवाज काही निघत नव्हता. त्यानं मग पखवाजासाठी परातीत भिजवलेला कणकेचा गोळा घेतला, थापला, आणि पारीच्या डाव्या गालावर नीट चिकटवला. वर बोटानं दाबूनही पाहिला.

आवाज निघाला. मारुतीपर्यंत ऐकू गेला. पारीनं असं भोकाड पसरलं, की तिची आई हातातलं लाटणं घेऊनच धावत आली.

संध्याकाळी आबांनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, लेकराला कणीक लावतात होय? ज्याचा आवाज निघत नाही त्याला जवळ घ्यावं, मांडीवर बसवावं, पाठीवरून हात फिरवावा, गुळाचा खडा द्यावा. मग आपोआप आवाज फुटतो."

"बरं आबा. ध्यानात ठेवतो."

त्या रात्री दव पडलं. सकाळी हलग्या काढल्या तर कातडं गार, ढिलं. वश्या नावाच्या पोरानं टिपरू मारलं तर फद् असा आवाज झाला. हरबा म्हणाला, "थांब बाबा, तिला बोलू नको." त्यानं हलगी जवळ घेतली. मांडीवर बसवली. पाठीवरून हात फिरवला. मग गुळाचा खडा ओला करून कातडंभर चोळला. सहा हलग्या होत्या. सहाही जणींना त्यानं सारखाच गूळ दिला, उगीच कुणाला वाईट वाटायला नको म्हणून. आणि आवाज फुटायला वेळ हवा म्हणून त्या ओवरीच्या कोपऱ्यात ठेवून दिल्या.

तासाभरानं पोरांनी हलग्या हातात घेतल्या. मुंग्या आधीच येऊन बसल्या होत्या. पहिल्या ठोक्याला त्या मनगटावर आल्या, दुसऱ्याला कोपरावर, आणि तिसऱ्याला पोरांनी हलग्या टाकून जो नाच केला तसा टेकाईपुढं आजवर कुणी केला नव्हता.

"अरे देवा!" आबा म्हणाले. काकी, म्हणजे आबांच्या घरच्या, चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच हसून हसून खाली बसल्या. "हरबा, हलगी लेकरू आहे का? ती गार पडली की जाळावर धरायची! शेकायची, चांगली तापवायची, मग ठणठणीत बोलते."

"बरं आबा. ध्यानात ठेवतो."

तुमच्या आता लक्षात आलंच असेल. पण हरबाच्या आलं नव्हतं, आणि दोष त्याचा तरी कसा म्हणावा? सांगितलेलं तो अगदी मन लावून करत होता.

तिसऱ्या दिवशी पखवाज काढला. डाव्या अंगाला कणीक लावली, ती बरोबर लावली. पण कणीक जरा सैल भिजली होती, आवाज बसका येत होता. हरबानं हात लावून पाहिला. पखवाज गार. मग काय, ओवरीच्या बाहेर काटक्या पेटवल्या आणि पखवाज डाव्या अंगानं जाळावर धरला. पोरं गोल करून बसली.

आधी वाफ आली. मग कणकेवर डाग पडले. मग ती मधोमध टम्म फुगली.

"हरबादादा," वश्या म्हणाला, "पलटा, करपेल."

चपाती चांगली झाली होती म्हणतात. पोरांनी वाटून खाल्ली. पखवाजाचं कातडं मात्र तडकलं.

त्या संध्याकाळी आबांनी तडकलेल्या कातड्यावरून हात फिरवला. तो पखवाज त्यांच्या वडिलांचा होता. मग त्यांनी काकींकडून ठेवणीतला धाकटा पखवाज काढवला आणि हरबाच्या मांडीवर ठेवला.

"ऐक. सूर बिघडला की जाळ नाही, हातोडी. ही लाकडी, लहान. कडेकडेनं हलकं हलकं ठोकायचं, कान लावून ऐकायचं, आणि सूर जुळेपर्यंत सोडायचं नाही."

हरबानं हातोडी कमरेला खोचली.

चौथ्या दिवशी ओवरीत भजन होतं. गावातले तात्या देशमुख अभंग म्हणायला बसले. वय ऐंशीच्या घरात, डोक्याला पागोटं, गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. पोरांना झांजेवर साथ शिकवायची म्हणून हरबानं त्यांना तात्यांच्या मागं बसवलं. तात्यांनी डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि सूर लावला. तो लागला नाही. आणखी वर गेले, तो आणखी बिघडला.

हरबा अस्वस्थ झाला. मागून गेला. हातोडी काढली आणि पागोट्याच्या कडेकडेनं हलकं हलकं ठोकायला लागला. टक टक टक. कान लावला. छे! उजवीकडून जरा जास्त. टक टक. तात्या ओरडले. हरबा म्हणाला, "आता येतोय तात्या, जरा हलू नका." आणि सूर जुळेपर्यंत सोडायचं नाही, हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं. चार माणसांनी धरून त्याला बाजूला केलं.

"अरे, मोठ्या माणसाचं आहे ते डोकं!" आबा खाटेवरून अर्धे उठले आणि कळ आली म्हणून परत आडवे झाले. "थोरामोठ्यांचं काही चुकलं तर हात लावायचा नाही. मान डोलवायची, वाहवा म्हणायचं, आणि होईल ते होऊ द्यायचं!"

"बरं आबा. मला तरी वाटलंच, इतकं कठीण लाकूड कसं काय."

पाचव्या दिवशी सकाळी तात्यांचा बैल सुटला. हरबानं दोन ढोल उन्हात ठेवले होते. बैल आला, त्यानं ढोल हुंगला, मागं सरला आणि शिंगं रोखली.

"हरबादादा! बैल!" पोरं ओरडली.

हरबानं बैलाकडं पाहिलं. बैल मोठा होता. मोठ्या घरचा होता. तो करत होता ते चुकीचं होतं यात शंका नव्हती. हरबानं मान डोलवली.

"वाहवा," तो म्हणाला.

बैलानं ढोलात शिंग घातलं.

"वाहवा, वाहवा!"

ढोल शिंगात अडकला. तो डोक्यावर घेऊन बैल गावातून तीन वेळा फिरला, आणि दर फेरीला ओवरीवरून जाताना हरबानं त्याला दाद दिली. ढोल मिळाला तेव्हा त्याचं नुसतं खोड उरलं होतं. चार ढोलांचे तीन झाले.

आता आबांचा आवाजही खोल गेला होता. "हरबा, माझ्या राजा. काही विपरीत दिसलं, की हात वर करायचा आणि मोठ्यांदा 'थांबा' म्हणायचं. सगळं जागच्या जागी थांबवायचं. एवढं तरी करशील?"

"करीन, आबा. हे सोपं आहे."

सहावा दिवस रंगीत तालमीचा. उद्यावर जत्रा. पोरं ढोल-हलग्या बांधून मारुतीपुढं उभी राहिली. सगळा गाव बघायला आला. धामणीचे पाटीलही आले, छत्री टेकून पारावर बसले. आणि खरं सांगतो, पोरं वाजवायला लागली तेव्हा पारावरची माणसं गप्प झाली. हरबाचे हात आबांचेच हात होते. पोरांनी ते हात पाहून पाहून ताल उचलला होता. शिकवताना काय काय झालं ते झालं, पण ताल घोटून बसला होता.

दहा पावलं गेली आणि एक लंगडं कुत्रं आडवं आलं. कुत्रं लंगडणं हे विपरीतच. हरबानं हात वर केला. "थांबा!"

वाजप थांबलं. कुत्रं गेलं. वाजप सुरू झालं. पुढं एक चप्पल उलटी पडली होती. "थांबा!" मग एका घरावर मांजर बसलं होतं, ते हरबाकडं टक लावून पाहत होतं. "थांबा!" मग पोस्टमन दिसला, त्याच्या सायकलला घंटी नव्हती. "थांबा!" मारुतीपासून टेकापर्यंत वाजप एकतीस वेळा तुटलं. पाटलांनी मोजलं. बोटं संपली तेव्हा शेजारच्या माणसाची घेतली.

जाताना पाटील हसून म्हणाले, "उद्या येतोच. आमची पोरं ढोल घेऊनच येतील, म्हणजे उगीच खोळंबा नको."

कुणी हरबाला शिवी दिली नाही, कुणी हसलं नाही. सगळे खाली मान घालून घरी गेले. तेव्हा हरबाला कळलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला आपल्या आपण काहीतरी कळलं, आणि ते सहन होईना. चाळीस वर्षांचा मान जाणार होता आणि तो त्याच्यामुळं जाणार होता.

तो आबांच्या खाटेच्या पायाशी बसला आणि पोरासारखा रडला. "आबा, मला नका सांगू हे काम. मी ढोल उचलीन, ओवरी झाडीन. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "दुसरं कोण आहे रे? आणि वाजप तुझ्यासारखं कुणाला येतं? ऐक. आजवर सांगितलं ते सगळं विसर."

"विसरता येत नाही, आबा."

"बरं, नको विसरूस. पण उद्यापुरतं एकच धर. वाजप सुरू झालं की थांबायचं नाही. लोक म्हणतील थांब. पाटील म्हणतील, पुजारी म्हणेल. खुद्द देवी म्हणाली तरी थांबायचं नाही. मी हात वर केला की थांबायचं. मी हात खाली केला की सुरू करायचं. बस्स. पोरांनाही हेच सांग."

चाळीस वर्षं आबा हेच सांगत आले होते, ते सवयीनं तोंडातून गेलं. काकींनी आबांच्या प्लास्टरकडं पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आत दूध उतू गेलं आणि त्या धावल्या. त्या दुधानं घोटाळा केला.

जत्रेच्या दिवशी हरबानं डोळे पुसले, फेटा बांधला आणि मारुतीपुढं ढोल गळ्यात घातला. "पोरांनो, आबांनी हात वर केला की थांबायचं. तोवर नाही."

"तोवर नाही!" पोरं ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज पारीचा होता.

पालखी उचलली. वाजप सुटलं. कुत्रं आडवं आलं, हरबानं पाहिलं नाही. हलगीवाल्या दौल्याचं टिपरू मोडलं, त्यानं हातानं वाजवलं. पाटील बाजूनं चालले होते. मधेच "थांबा, थांबा, देवीचा हार पडला!" असं ते ओरडले. हार पडला नव्हता. हरबा मनात म्हणाला, आबांनी सांगितलं होतं हे. टेकाची चढण लागली. पोरं घामानं निथळली, पण ठोका पडतच राहिला. आणि सूर्य डोक्यावर आला तेव्हा वाजप देवीच्या पायरीला टेकलं. एकदाही न तुटता.

काय तो जल्लोष! टोप्या उडाल्या. तात्या देशमुखांनी पागोटं उडवलं. पाटलांनी तोंड वाकडं केलं, पण मान खाली घातली. पुजारी पुढं आले, हसत म्हणाले, "शाबास रे हरबा! झालं, पोचलो. थांबव आता."

पुजारी म्हणेल. आबांनी हेही सांगितलं होतं. हरबानं मान हलवली आणि जोरात वाजवलं.

"अरे, थांब की!"

"थांबा रे पोरांनो!"

"हरबा, पुरे!"

आता अख्खी जत्रा थांब म्हणत होती. आबा किती खरं बोलले होते! हरबानं आबांचा हात शोधला. गर्दीत हजार हात होते. सगळेच वर होते. पण आबांचा नव्हता. मग त्याला आठवलं, आबा घरी आहेत, खाटेवर. ते इथं यायचे नाहीत. ते येत नाहीत तर आपणच जायला हवं. त्यात काय अवघड?

हरबा वळला. पोरं वळली. वाजप टेक उतरायला लागलं.

पालखीचे भोई एकमेकांकडं बघायला लागले. पण रीत ती रीत. वाजप वळेल तिकडं पालखी. त्यांनी खांदा बदलला आणि तेही वळले. पालखीमागं पुजारी, पुजाऱ्यामागं तात्या, तात्यांमागं धामणीचे पाटील, आणि पाटलांमागं सगळी जत्रा. फुगेवाला आला, बांगडीवाली आली, रेवड्यांची पाटी डोक्यावर घेऊन रेवडीवाला आला. कुठं चाललोय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पुढं देवी होती, तेव्हा विचारायचं कुणाला?

इकडं काय झालं ते काकी पुढं दहा वर्षं सांगायच्या. आबा सकाळपासून कान देऊन पडले होते. ठोका मोजत होते. वाजप टेकावर पोचलं तसे त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पोचली गं पोरं! राखला मान हरबानं!" मग थोडा वेळ गेला. "थांबत का नाहीत गं?" मग आणखी थोडा. "अगं, हे वाढत का चाललंय?"

तेवढ्यात अंगणात ढोल शिरले, हलग्या शिरल्या, आणि त्यांच्यामागून, कुंपणाचा एक खांब पाडून, टेकाईची पालखी शिरली.

आबांनी पालखी पाहिली आणि त्यांचं भानच गेलं. चाळीस वर्षं ते पालखीपुढं वाजवत चालले होते. म्हणजे चाळीस वर्षं त्यांची देवीकडं पाठ होती. पालखीतली देवी समोरून त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी दोन्ही हात जोडले.

हरबानं नीट पाहिलं. हात जोडले होते. छातीशी. वर नव्हते. त्यानं पोरांना डोळ्यांनीच खूण केली, चालू द्या.

"थांब रे आता!" आबा म्हणाले. ऐकू आलं नाही. आणि आलं असतं तरी काय! "अरे हरबा, थांब!" अंगणात जत्रा मावेना, छपरावरची कौलं हलायला लागली. आबांनी कानांवर हात ठेवले. हरबानं पुन्हा पाहिलं. कोपरं वर होती. हात कानांवर होते. कोपराचं आबा काही बोलले नव्हते.

"गाढवा! बहिऱ्या! थांबतोस का देऊ एक!" आबा संतापानं लाल झाले आणि त्यांनी हरबाला चांगली ठेवून द्यायला हात उगारला.

हात वर गेला.

बारा पोरं आणि हरबा, समेवर, एका ठोक्यात थांबले. एक टिपरू मागं राहिलं नाही. अंगणात अशी शांतता झाली, की बांगडीवालीच्या पाटीतली एक बांगडी वाजली ती सगळ्यांना ऐकू आली. धामणीचे पाटील हळूच म्हणाले, "आमच्या पोरांना जन्मात जमायचं नाही असं थांबायला. मान तुमचाच. आता तेवढी देवी परत न्या."

आबांचा हात खाली येणार, तोच हरबा ओरडला, "आबा, हात खाली नका घेऊ! खाली घेतला की सुरू करायचंय!"

पोरांनी टिपरं उचलून धरली होती. आबांनी पोरांकडं पाहिलं आणि हात वरच ठेवला. तसाच हात वर ठेवून त्यांनी देवीचं दर्शन घेतलं. काकींनी देवीची ओटी भरली, सगळ्या जत्रेला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. हात दुखायला लागला तेव्हा वश्यानं कोपराखाली उशी दिली. आबांच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं, आणि पुसायला एकच हात मोकळा होता.

शेवटी आबा म्हणाले, "हरबा, इकडं ये." हरबा वाकला. आबांनी तो हात खाली आणला तो त्याच्या पाठीवर, शाबासकीची थाप देत.

धडाड् धिन धिन ता! वाजप पुन्हा सुटलं. पालखी उठली, वळली, टेकाच्या वाटेला लागली. आणि अंगणाच्या तोंडाशी भोई एकदम थबकले.

"पुजारीकाका," पुढचा भोई म्हणाला, "वर गेल्यावर हा थांबणार कसा?"

पुजाऱ्यांनी हरबाकडं पाहिलं. मग आबांकडं पाहिलं. मग आणखी चार माणसांना बोलावलं. त्यांनी आबांना खाटेसकट उचललं आणि पालखीच्या मागं चालायला लागले. त्यात दोघं धामणीचे होते. टेकाईच्या पायरीशी आबांनी खाटेवरून हात वर केला, आणि त्या वर्षीची जत्रा एकदाची संपली.

पुढच्या वर्षापर्यंत आबांचा पाय ठणठणीत बरा झाला होता. जत्रेच्या सकाळी ते नवं धोतर नेसून, काठीसुद्धा न घेता, तुरुतुरु चालत मारुतीपुढं आले. पोरं तयार होती. पालखी तयार होती. हरबा ढोल घालून उभा होता, आणि त्याच्याशेजारी आबांच्या घरची खाट होती.

"हे काय रे?" आबांनी विचारलं. "मी आता चालतोय की."

"निजा, आबा," हरबा म्हणाला. "माझ्या ध्यानात आहे."

आबांनी पोरांकडं पाहिलं, पुजाऱ्यांकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. आणि मुकाट्यानं निजले.